वहिनींचा बिघडलेला फोटो

९ नोव्हेंबर, सोमवार

नवं मशीन आलं एकदाचं. जुनं मागच्या दाराने गेलं — निरोप नाही, समारंभ नाही. इतकी वर्षं मी त्याच्याशी नवऱ्यापेक्षा जास्त बोलले असेन. नव्याचं कौतुक मात्र नव्या सुनेसारखं! केंद्राच्या साहेबांनी खोलीत फुगे लावून घेतले. बायकांच्या छातीची तपासणी करायचं मशीन आणि भोवती गुलाबी फुगे. लावणाऱ्याला काही वाटलं नाही, बघणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

आनंदाच्या भरात साहेबांनी जाहीर केलं — प्रत्येकीने आपल्या घरातली चाळिशीच्या पुढची एक बाई आणावी, तपासणी मोफत. काउंटरवरची लगेच म्हणाली, "सासूला आणते. इथे तरी श्वास रोखून गप्प उभी राहील!"

माझ्या घरात कोण? आई गेली, सासूबाई त्याच्याही आधी गेल्या. उरल्या वहिनी. म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको, माझी मोठी जाऊ. खाली त्या, वर आम्ही, मधे एक जिना. भांडण कधीच नाही. भांडायला निदान मोकळेपणा तरी लागतो.

१० नोव्हेंबर, मंगळवार

वहिनींना विचारलं. "मला काय धाड भरलीय?" मग दोन भांडी घासून झाल्यावर — "फुकट आहे म्हणालीस?" मग हात पुसत — "येते. बघू तरी, दिवसभर तू तिथे करतेस काय."

त्यांच्या मते मी फोटो काढते. पाहुण्यांना ओळख करून देतात तीही तशीच : ही आमची धाकटी, फोटो काढते. एकदा एका बाईने मला लग्नाच्या ऑर्डरी घेता का विचारलं होतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

नवी मुलगी रुजू झालीय हाताखाली. हुशार आहे, पण चेहरा म्हणजे उघडं पुस्तक! आज एका पेशंटचा फोटो पडद्यावर आला आणि हिच्या भुवया गेल्या वर. त्या बाई काचेतून हिच्याकडेच बघत होत्या. झालं. "काय दिसलं? काय दिसलं?" प्रत्यक्षात काहीच नव्हतं, हिला फक्त नव्या मशीनचं चित्र किती स्वच्छ येतं याचं आश्चर्य वाटलं होतं!

तिला बाजूला घेऊन सांगितलं — बाई गं, सांगायचं काम डॉक्टरांचं. आपला चेहरा भिंतीसारखा हवा. ती म्हणाली, तुम्हाला कसं जमतं? म्हटलं, एकत्र कुटुंबात राहून बघ.

१४ नोव्हेंबर, शनिवार

वहिनी आल्या! ठेवणीतले कपडे, गळ्यात-कानात सगळं, आणि त्यांच्या पुढे चार पावलं त्यांच्या पावडरचा वास. घरात त्या कुठे आहेत ते आम्हाला वासावरून कळतं.

खोलीतला बोर्ड त्यांनी मोठ्याने वाचला. "दागिने काढून ठेवावेत." काढले, माझ्या हातात दिले, जोखल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "पावडर, अत्तर लावू नये." हेही वाचलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. म्हणजे आता बोल, काय बोलतेस ते!

परक्या बायकांना मी दिवसभर सांगते, काखा पुसून घ्या. एकदा एका बड्या अधिकारी बाईंना मी स्वतः पुसलंय. पण या समोर उभ्या. मी या घरात आले त्या दिवशी डाव कुठे ठेवायचा आणि झारा कुठे, हे यांनी मला शिकवलं. यांना कसं म्हणू, वहिनी, काखा पुसा? ओला रुमाल हातात दिला आणि मी पाठ फिरवली. वळून बघते तर बाईंनी त्याने चष्मा पुसला! स्वच्छ, दोन्ही काचा. आणि रुमाल घडी करून परत दिला.

मी तो घेतला आणि मशीनकडे वळले.

पुढेही तेच. परकी बाई असली की माझे हात आपोआप चालतात. खांदा खाली दाब, मान वळव, पार छातीच्या फासळ्यांपासून सगळं ओढून पुढे आण, प्लेटवर पसर, वरून पट्टी दाब. बायका ओरडतात, शिव्या देतात, त्यात काय! वहिनींना मात्र मी काचेची बरणी उचलावी तसं चिमटीत धरलं. पट्टीही बेताबेताने. श्वास रोखा म्हटलं, ते सुद्धा "श्वास रोखता का जरा?"

संपल्यावर म्हणाल्या, "एवढंच? उगाच बोंबलतात मेल्या. हात हलका आहे हो तुझा, धाकटे."

इतक्या वर्षांत पहिलं कौतुक! घरी येईपर्यंत मी तरंगत होते. नवऱ्याला दोनदा सांगितलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

तरंगणं संपलं. फोटो तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पडद्यावर वहिनी. काखेकडच्या बाजूला पांढरे ठिपके, मिठाचे कण सांडल्यासारखे.

"पुसलं होतं ना?"

"ओला रुमाल दिला होता."

चष्म्यावरून बघितलं त्यांनी माझ्याकडे. "दिला होता, की पुसलं होतं?"

सांगितलं मग. जाऊ आहेत, मोठ्या आहेत, म्हणता आलं नाही. चष्मा पुसल्याचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं, हसतील.

पावडरचे कण तसेच दिसतात. आणि जे वाईट असतं, अगदी सुरुवातीचं, तेही कधी कधी तसंच दिसतं. म्हणून तर पुसायचं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "पावडर असेलही, नसेलही. पुसून परत काढा. आणि हे बघा, या खोलीत पेशंटला नातं नसतं."

दुपारभर भिंतीसारखा चेहरा करून काम केलं. हात थंड पडले होते. एका पेशंटने विचारलं, एसी फार आहे का हो?

१७ नोव्हेंबर, मंगळवार

काउंटरवरचीने फोन केला वहिनींना. उत्तर — एकदा झालं की. परत परत कोण कपडे काढणार? म्हणावं तुमच्या मशीनला, दिसलं ते पुरे.

आता काय करू? खरं सांगायचं तर सांगणारी मी नव्हे. बरं, नियम मोडून सांगितलंच, की पावडर असावी, तर म्हणतील, मग पावडरच असणार, विषय संपला. येणार नाहीत. काहीतरी दिसतंय म्हटलं, तर घाबरतील आणि मुळीच येणार नाहीत. दाढ दुखायला लागली तेव्हा वर्षभर एका बाजूने चावत होत्या, पण दाताच्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर!

नवऱ्याला सांगावं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

संध्याकाळी खाली गेले. उभ्या उभ्या सांगून टाकलं, "वहिनी, फोटो माझ्या हातून बिघडला. तुम्ही याल का परत? नाहीतर मला बोलणी बसतील."

काय सांगू त्यांचा चेहरा! दिवाच लागला. "बिघडला? तुझ्या हातून?" मला बसायला खुर्ची दिली, चहा केला. इतकी वर्षं या घरात मी काही बिघडवावं म्हणून त्या जणू थांबल्याच होत्या.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सातच्या आत जगाला कळलं. भाऊजी जिन्यात भेटले. "काय फोटोग्राफर! कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहिलं का?" नणंदेचा फोन आला, खास चौकशीला. वहिनी खालून कोणाला तरी सांगत होत्या, "शिकलेली आहे हो, पण हाताला वळण हवं ना."

नवरा जेवताना म्हणाला, "तू तर म्हणायचीस, माझा फोटो कधी परत काढावा लागत नाही."

म्हणायचे. खरंही होतं ते. केंद्रात सगळ्यांना माहीत आहे, नव्यांना माझे फोटो दाखवून शिकवतात. आता त्या नावावर पाणी सोडलं. वहिनी आल्या म्हणजे मिळवलं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आल्या नाहीत. "आज नळाचा माणूस यायचाय."

२० नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक वेडेपणा केला. लिहायलाही लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय.

सकाळी खाली जाऊन म्हटलं, वहिनी, जरा तुमची पावडर देता का? "तू कधीपासून लावायला लागलीस?" संशयाने बघितलं, पण दिली, कागदाच्या पुडीत चिमूटभर. तेवढीच! केंद्रात गेले. रोज सकाळी मशीन नीट चालतंय का बघायला आम्ही प्लास्टिकच्या एका ठोकळ्याचा फोटो काढतो. त्या ठोकळ्यावर पावडर शिंपडली आणि काढला फोटो. ठिपके! पांढरे, मिठासारखे! मी जवळजवळ नाचले. नवी मुलगी बघत होती, तिला वाटलं असेल, बाईंचं बिनसलं.

एवढ्यात डॉक्टरीणबाई. "हे काय चाललंय?"

दाखवलं. पावडर, हीच पावडर, बघा, अगदी तसेच ठिपके. त्यांनी ठोकळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, असं त्या कधी करत नाहीत. "पावडर कशी दिसते ते मला माहीत आहे हो. मला तुमच्या जाऊबाई हव्यात."

मशीनवरची पावडर पुसताना मला रडू आलं. नव्या मुलीला सांगितलं, नाकात गेली.

माझी मुलगी लहान होती आणि माझी या कामाची परीक्षा होती, तेव्हा वहिनींनी महिनाभर तिला सांभाळलं. मी मागितलं नव्हतं. एक दिवस खालून हाक आली, "दे इकडे ती पोर, तू बस पुस्तकात डोकं खुपसून." त्यानंतर दर वर्षी त्याची आठवण करून दिली, ते वेगळं. पण सांभाळलं! त्या नसत्या तर मी आज त्या काचेमागे उभी नसते. मला त्यांची भीती वाटते, राग येतो, आणि त्यांना काही झालं तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

बाजारातून येताना वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या. असं बसलेलं त्यांना मी कधी बघितलं नाही. पिशवी मांडीवर. मला वाटलं, दम लागला असेल. बाजूने वर जायला निघाले.

"धाकटे."

थांबले.

"तू खरंच बिघडवलास ना गं फोटो?"

आवाज त्यांचा नव्हता. चिडवणारा नव्हता, हुकमाचाही नव्हता. तेव्हा मला कळलं, नळाचा माणूस कुठला! चार दिवस साऱ्या नात्यागोत्याला सांगत होत्या, धाकटीने बिघडवला, धाकटीने बिघडवला. ते मला खिजवायला नव्हतंच. कोणीतरी "हो" म्हणावं म्हणून सांगत होत्या.

अख्ख्या नोकरीत केला नसेल इतका भिंतीसारखा चेहरा केला. म्हटलं, "खरंच, वहिनी. माझीच चूक. सगळे हसताहेत मला तिथे."

खूप वेळ बघत होत्या. काय शोधत होत्या ते मला माहीत होतं, दिवसभर बायका तेच शोधतात माझ्या तोंडावर.

"बरं," म्हणाल्या. "सोमवारी येते. ही पिशवी धर."

२३ नोव्हेंबर, सोमवार

आल्या. साध्या कपड्यांत, दागिने घरी. पावडर तरीही! म्हणाल्या, "सवय गं. हात आपोआप जातो."

आज मी विचारलं नाही की विनवलं नाही. "हात वर करा." केला. ओल्या रुमालाने स्वतः पुसलं, दोन्ही बाजू, खाली, घडीत, सगळीकडे. "अगं गार आहे! गुदगुल्या होतात! काय भांडं समजलीस का मला?" दुसरा रुमाल घेतला, परत पुसलं. नवी मुलगी दाराशी तोंड दाबून उभी.

मग म्हणाल्या, "या वेळी नीट काढ. तिसऱ्यांदा काही मी यायची नाही."

काढला नीट. खांदा दाबला, मान वळवली, फासळ्यांपर्यंत हात घालून ओढलं, पट्टी खाली. वहिनींनी जो शब्द उच्चारला तो त्यांना येत असेल असं मला वाटलं नव्हतं. "मागच्या वेळी दुखलं नव्हतं!" म्हटलं, श्वास रोखा. "सोडायला राहिलाय कुठे?"

काचेमागे आले. पडद्यावर चित्र उमटलं आणि मी आधी काखेकडे बघितलं. ठिपके नाहीत. दुसरा फोटो, ठिपके नाहीत. तिरपे काढले, त्यातही नाहीत. कुठेच नाहीत! गेले! डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या खोलीकडे धावत होत्या, दारातून डोकावल्या, "गेले की! पावडरच हो तुमची! नीट बघते उद्या सावकाश." आणि पळाल्या.

पावडर! नुसती पावडर! कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मी दोन मिनिटं मनसोक्त रडले, तिथे गाऊनची चळत आहे, त्यातल्या एकाने तोंड पुसलं. मग बाहेर येऊन वहिनींना म्हटलं, आला हो फोटो, छान आला. मला फोटोबद्दल बोलायला मनाई आहे, पण "छान आला" हे तर स्टुडिओवालाही म्हणतो.

रात्री खाली सगळे जमलो. वहिनींनी साग्रसंगीत वर्णन केलं — पहिल्यांदा हात कसा फुलासारखा होता, आणि आज कसाई. "बिघडवला तेव्हा दुखलं नाही, नीट काढला तेव्हा जीव गेला. म्हणजे बघा!" भाऊजी हसून हसून खोकायला लागले. मीही हसले. हसा लेको. मला काय, आज मला कोणी गाढवावरून मिरवलं असतं तरी चाललं असतं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

वहिनींना पावडरचा नवा डबा आणला. मोठा. "लाच का?" म्हणाल्या. पण घेतला.

२५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. पडद्यावर परवाचा फोटो. ठिपके नाहीतच. पण मागे, पार फासळ्यांजवळ, कडेला एक लहानशी गाठ. तिच्या कडा चांगल्या नाहीत. परवा मी ठिपके शोधत होते. ते नाहीत म्हटल्यावर बघायचीच थांबले.

शेजारी त्यांनी पहिला फोटो लावला, हलक्या हाताचा. त्यात ही जागाच आलेली नाही. माझे हात तिथपर्यंत गेलेच नव्हते.

"लहान आहे, वेळेत सापडलं," त्या म्हणाल्या. "उद्या तुकडा काढून तपासायला पाठवू. पावडर नसती तर पहिल्याच फोटोवर आपण 'सर्व ठीक' म्हणून लिहून दिलं असतं. दोन वर्षांनी बोलावलं असतं." त्यांनी मला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला, की कडेला काही आलेलं नाही हे त्यांनाही तेव्हा दिसायला हवं होतं. मी म्हटलं, मी सांगू का वहिनींना? हो म्हणाल्या. बरोबर घेऊन या.

आठवडाभर खोटं म्हणून सांगत फिरले, ते खोटं नव्हतंच. फोटो मी बिघडवला होता.

खालून हाक येतेय. "धाकटे! रिपोर्ट आला का गं?"